घरी केलेली मोची का फसते? तांदळाच्या पिठाचे आशियाई गोड पदार्थ करण्याआधी हे समजून घ्या

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. वाटीभर तांदळाचं पीठ, थोडी साखर, पाणी, मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं, आणि मग हातभर ताणली जाणारी पांढरीशुभ्र मोची. तेच घरातल्या मोदकाच्या पिठीचं करून बघितलं की हाती येतो तो चमच्याने तुटणारा घट्ट गोळा. पाणी वाढवलं तर खळ होते, कमी केलं तर भेगा पडतात. मग लोक साखर बदलतात, मिनिटं बदलतात, भांडं बदलतात. गोळा काही ताणला जात नाही.

यात करणाऱ्याचा हात चुकलेला नसतो आणि मापही चुकलेलं नसतं. पीठच वेगळं असतं. जपान, चीन, कोरिया, व्हिएतनाम, इंडोनेशिया, फिलिपीन्स या देशांमधले तांदळाच्या पिठाचे बहुतेक गोड पदार्थ दोन वेगवेगळ्या पिठांतून होतात. मराठीत आपण दोघांनाही ‘तांदळाचं पीठ’च म्हणू. कोणत्या पदार्थाला कोणतं पीठ लागतं, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

तांदूळ एकच, स्वभाव दोन

तांदळात मुख्यतः स्टार्च असतो आणि स्टार्चमध्ये दोन घटक असतात. अमायलोज हा सरळ, लांब साखळीचा घटक. अमायलोपेक्टिन हा झाडासारख्या फांद्या फुटलेला. भात मोकळा होणार की चिकट, हे बऱ्याच अंशी या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. अमायलोज जास्त असेल तर शिजल्यावर शितं सुटी राहतात आणि थंड झाली की कडक होतात. ते कमी असेल तर भात मऊ आणि चिकट होतो.

आशियात एक तांदूळ असा आहे की त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच. त्याला ‘चिकट तांदूळ’ म्हणू. लाओस आणि ईशान्य थायलंडमध्ये हा रोजच्या जेवणातला भात आहे. हाताने मुटका करून तो खाल्ला जातो. मोची ताणली जाते ती याच तांदळामुळे.

इथे एक गैरसमज होतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर शिजल्यावर चिकट होतो, मग त्याचं पीठ चालेल असं वाटतं. ते चालत नाही. हे तांदूळ बासमतीपेक्षा मऊ आणि चिकट असले तरी त्यांच्यात अमायलोज असतंच. त्यांची पिठी मोदकाला उत्तम, मोचीला निरुपयोगी.

खरा चिकट तांदूळ भारतातही पिकतो, फक्त महाराष्ट्रापासून दूर. आसामचा ‘बोरा साऊल’ हा चिकट तांदूळ आहे. बिहूला होणारा तीळ-गुळाचा ‘तिल पिठा’ त्याच्याच पिठाचा करतात. मणिपूरचा काळा ‘चाक-हाओ’ हाही चिकट तांदूळच. त्याची जांभळी खीर प्रसिद्ध आहे आणि त्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

‘ग्लुटिनस’ म्हणजे ग्लुटेन नव्हे

चिकट तांदळाला इंग्रजीत ‘ग्लुटिनस राइस’ म्हणतात. इथे ग्लुटिनसचा अर्थ फक्त ‘चिकट’ असा आहे. गव्हात असतं ते ग्लुटेन कोणत्याही तांदळात नसतं, यातही नसतं. त्यामुळे सिलिॲक आजार असलेल्यांनी नाव वाचून दचकायचं कारण नाही.

लक्ष ठेवायचं ते बरोबरच्या जिनसांवर. जपानी मिताराशी डांगोवर सोया सॉसचा गोड पाक असतो आणि सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. शिवाय पीठ गव्हाच्याच गिरणीत दळून आणलं असेल, तर त्यात गव्हाचा अंश येऊ शकतो.

पाकिटावर काय वाचायचं?

मोठ्या शहरांतल्या आशियाई किराणा दुकानांत आणि ऑनलाइन ही पिठं मिळतात. नावं अशी असतात:

- ग्लुटिनस राइस फ्लोअर, स्वीट राइस फ्लोअर, स्टिकी राइस फ्लोअर: तिन्ही म्हणजे चिकट पीठ. ‘स्वीट’ लिहिलेलं असलं तरी त्यात साखर नसते.
- मोचिको आणि शिरातामाको: दोन्ही जपानी चिकट पिठं. मोचिको बारीक भुकटी असते. शिरातामाको पाण्यात दळून वाळवलेलं, खड्यांसारखं असतं आणि त्याचे पदार्थ अधिक मुलायम होतात.
- जोशिन्को: हे साध्या जपानी तांदळाचं पीठ. नाव जपानी आहे म्हणून मोचीसाठी घेतलं तर फसगत होते.
- राइस फ्लोअर: नुसतं एवढंच लिहिलं असेल तर ते साधं पीठ.

थायलंडहून येणाऱ्या काही ब्रँडमध्ये दोन्ही पिठांची पाकिटं जवळजवळ सारखी असतात, फक्त छपाईचा रंग वेगळा. रंगावर न जाता नाव वाचावं.

घरात पीठ ओळखायच्या तीन खुणा

डब्यात भरून ठेवलेलं पीठ नेमकं कोणतं हे आठवत नसेल, तर या खुणा उपयोगी पडतात.

१. दाणा बघा. साध्या तांदळाचा कच्चा दाणा उजेडात धरला तर काहीसा काचेसारखा, अर्धपारदर्शक दिसतो. वाळलेला चिकट तांदूळ खडूसारखा पांढरा आणि अपारदर्शक असतो.

२. चमचाभर शिजवा. एक चमचा पीठ, दीड चमचा पाणी, मंद आचेवर सतत हलवत राहा. चिकट पीठ चकचकीत, अर्धपारदर्शक होतं आणि चमचा उचलला की ताणलं जातं. साधं पीठ पांढरंच राहतं आणि तुटतं.

३. आयोडीनचा थेंब टाका. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग इथेही चालतो. पिठावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की साधं पीठ निळं-काळं होतं, चिकट पीठ तांबूस-तपकिरी. निळा रंग येतो तो अमायलोजमुळे. हा नमुना अर्थातच फेकून द्यायचा.

कोणत्या पदार्थाला कोणतं पीठ?

*चिकट पिठाचे:*

- डाइफुकू (जपान): गोड सारण भरलेली मऊ मोची.
- तांगयुआन (चीन): काळ्या तिळाचं सारण भरून गरम पाण्यात वाढलेले गोळे. चिनी नववर्षानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला, म्हणजे कंदिलांच्या सणाला ते खातात. दक्षिण चीनमध्ये डिसेंबरातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणालाही ते होतात.
- बान्ह त्रोई (व्हिएतनाम): आत गुळासारख्या साखरेचा खडा घातलेले छोटे गोळे.
- क्लेपोन (इंडोनेशिया): आत ताडगूळ, बाहेर ओल्या नारळाचा कीस.
- पालिताव (फिलिपीन्स): उकळत्या पाण्यातून तरंगून वर आलेल्या चकत्या, वर नारळ, तीळ आणि साखर. नावातल्या ‘लिताव’चा अर्थच तरंगून वर येणं.

*साध्या पिठाचा:*

- सोंगप्यॉन (कोरिया): छुसॉक या सुगीच्या सणाला होणारे अर्धचंद्राकृती, वाफवलेले पदार्थ. दिसायला छोट्या करंजीसारखे, करायला मोदकासारखे.

*दोन्ही चालणारे किंवा मिश्रणाचे:*

- डांगो (जपान): काडीला ओवलेले गोळे. साधं पीठ जास्त घेतलं तर चावायला घट्ट, चिकट पीठ जास्त घेतलं तर लुसलुशीत.

आणखी एक पदार्थ दोन्ही बाजूंना आहे. इंडोनेशिया आणि मलेशियात नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून तासन् तास ढवळून ‘दोदोल’ करतात, तो चिकट पिठाचा. गोव्यात नाताळच्या गोडधोडात असणारा दोदोलही नारळाच्या रसात आणि काळ्या गुळातच होतो, पण साध्या तांदळाच्या पिठाचा. नाव तेच, पीठ बदललं. म्हणून गोव्याचा दोदोल हलव्यासारखा कापला जातो आणि तिकडचा चिवट लागतो.

कृती १: क्लेपोन

मराठी स्वयंपाकघरातून सुरुवात करायला हा सर्वांत सोपा पदार्थ. चिकट पीठ तेवढं बाहेरून आणायचं, नारळ आणि गूळ घरात असतोच.

*साहित्य (साधारण २५ नग):* चिकट पीठ २०० ग्रॅम, कोमट पाणी १५० ते १७० मिली, चिरलेला गूळ ८० ग्रॅम, खवलेला ओला नारळ १ वाटी, चिमूटभर मीठ.

इंडोनेशियात पीठ भिजवताना पांदानच्या पानांचा हिरवा रस घालतात. पांदान ही केवड्याच्या कुळातली वनस्पती. बासमतीला ज्या घटकामुळे वास येतो, तोच घटक या पानांतही असतो. पानं नसली तरी चालतं.

*कृती:* नारळाला मीठ लावून ५ मिनिटं वाफवून घ्या, म्हणजे तो लवकर आंबत नाही. पिठात पाणी एकदम न ओतता थोडं थोडं घालत मळा. कानाच्या पाळीइतका मऊ गोळा झाला की पुरे. सुपारीपेक्षा थोडा मोठा गोळा घेऊन वाटीसारखा खोलगट करा, गुळाचा खडा ठेवा आणि तोंड नीट बंद करा. फट राहिली तर गूळ पाण्यात जातो.

गोळे उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की लगेच काढू नका, आणखी १ ते २ मिनिटं राहू द्या. झाऱ्याने काढून, पाणी निथळवून, लगेच नारळात घोळवा.

गोळ्याला भेगा पडत असतील तर चिनी घरांत तांगयुआनसाठी करतात ती युक्ती करा. पिठाचा लिंबाएवढा तुकडा चपटा करून उकळत्या पाण्यात शिजवा आणि उरलेल्या पिठात परत मळून टाका. पिठात ग्लुटेन नसल्यामुळे ते धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं. शिजलेला स्टार्च ते काम करतो.

खाताना सांभाळून. आतला गूळ वितळलेला आणि खूप गरम असतो. दहा मिनिटं थांबा.

कृती २: डाइफुकू, म्हणजे रीलमधली मोची

जपानमध्ये पारंपरिक मोची पिठाची नसते. अख्खा चिकट तांदूळ वाफवून उखळात मोठ्या लाकडी हातोड्याने कुटतात, ती खरी मोची. पीठ, साखर आणि पाणी शिजवून होणाऱ्या मऊ प्रकाराला ‘ग्यूही’ म्हणतात. घरी मायक्रोवेव्हमध्ये होते ती हीच.

*साहित्य (८ नग):* चिकट पीठ १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, पाणी १५० मिली, घोळवायला कॉर्नफ्लोअर, सारणाचे २५-२५ ग्रॅमचे ८ गोळे.

जपानी सारण ‘आंको’ हे अझुकी या छोट्या लाल कडधान्याचं असतं. ते न मिळाल्यास लाल चवळी शिजवून, वाटून, साखर घालून घट्ट आटवा. पुरणपोळीचं घट्ट पुरणही चालतं. चव जपानी राहणार नाही, पण पोत जुळतो.

*कृती:* कॉर्नफ्लोअर कढईत मंद आचेवर ४-५ मिनिटं कोरडं भाजून घ्या, म्हणजे कच्चट लागत नाही. पीठ आणि साखर एकत्र करा, पाणी थोडं थोडं घालून गुठळ्या मोडा. मायक्रोवेव्हमध्ये १ मिनिट ठेवा, ओल्या चमच्याने तळापासून ढवळा. परत १ मिनिट, परत ढवळा. मग ३०-३० सेकंद. पांढरेपणा जाऊन गोळा अर्धपारदर्शक झाला की शिजला. मायक्रोवेव्ह नसेल तर झाकण ठेवून २० मिनिटं वाफवा आणि मध्ये एकदा ढवळा.

गोळा कॉर्नफ्लोअर पसरलेल्या ताटात काढा. हाताला सोसेल इतका निवला की ८ भाग करा. पारी मोदकासारखीच करायची, मध्ये जाड आणि कडेला पातळ. सारण ठेवून कडा खाली ओढून चिमटा. पूर्ण थंड होईपर्यंत थांबलात तर कडा चिकटत नाहीत.

साखर कमी करण्याचा मोह टाळावा. ती पाणी धरून ठेवते आणि मोची कडक होण्याचा वेग कमी करते.

कृती ३: सोंगप्यॉन, मोदकाच्या पिठीतून

चिकट पीठ मिळालंच नाही, तर हा पदार्थ करावा. याला साधं पीठच लागतं.

*साहित्य (साधारण २० नग):* मोदकाची बारीक पिठी २५० ग्रॅम, उकळतं पाणी २०० ते २२५ मिली, मीठ अर्धा चमचा, भाजून भरड कुटलेले तीळ ६० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, तिळाचं तेल.

*कृती:* पिठीत मीठ घालून त्यावर उकळतं पाणी थोडं थोडं ओता आणि आधी चमच्याने, मग हाताने चांगलं १० मिनिटं मळा. उकडीत आपण उकळत्या पाण्यात पीठ घालतो, इथे पिठावर उकळतं पाणी घालतात. कारण मात्र एकच. गरम पाण्याने थोडा स्टार्च शिजतो आणि तो बाकीचं पीठ बांधून ठेवतो. थंड पाण्याने मळलेल्या पिठीची पारी फाटते.

तीळ आणि साखरेचं सारण भरून अर्धचंद्राचा आकार द्या. कोरियात वाफवताना खाली पाइनच्या सुया पसरतात. नावातलं ‘सोंग’ म्हणजे पाइनच. त्याने वास लागतो आणि नग एकमेकांना चिकटत नाहीत. आपल्याकडे पातोळ्यांना हळदीचं पान जे काम करतं, तेच. घरी केळीचं पान किंवा ओलं फडकं वापरा. बाजारातल्या शोभेच्या झाडांची पानं वापरू नयेत, त्यांवर औषध फवारलेलं असू शकतं.

२० मिनिटं वाफवून ५ मिनिटं झाकण ठेवून मुरू द्या. नंतर क्षणभर थंड पाण्यात बुडवून काढा आणि तिळाच्या तेलाचा हात लावा.

फ्रीजमध्ये ठेवल्यावर कडक का होतात?

शिजलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचना करू लागतो. शिळा भात कडक होतो तो यामुळेच. ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. म्हणून हे पदार्थ त्याच दिवशी, बाहेरच्या तापमानाला खावेत. नारळ लावलेलं क्लेपोन उन्हाळ्यात काही तासांतच उतरतं, त्यामुळे ते थोडंच करावं.

जास्तीचं ठेवायचं असेल तर फ्रीजऐवजी फ्रीजर वापरा. सारण भरलेले कच्चे गोळे ताटात सुटे गोठवून मग डब्यात भरा आणि न वितळवता थेट उकळत्या पाण्यात सोडा. सोंगप्यॉन कडक झालं तर पुन्हा वाफवलं की मऊ होतं.

सर्वांत महत्त्वाचं: घशात अडकण्याचा धोका

ज्या गुणामुळे मोची आवडते, तोच तिचा धोका आहे. ती दातांनी नीट तुटत नाही, घशाला चिकटते आणि श्वासनलिका बंद करू शकते. जपानमध्ये नववर्षाच्या सुमारास सूपमध्ये मोची घालून खायची प्रथा आहे. त्या दिवसांत मोची अडकून वृद्ध माणसं दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. तोक्योचं अग्निशमन दल त्यासाठी दर वर्षी लोकांना सावध करतं.

आपल्याकडे हा पदार्थ नवा आहे. मोदक गिळायची सवय असलेल्या आजी-आजोबांना तो मोदकासारखाच वाटेल, पण तसा तो नाही. म्हणून:

- पाच वर्षांखालच्या मुलांना मोची, तांगयुआन, क्लेपोन देऊ नये.
- कवळी लावणाऱ्या, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या व्यक्तींना देऊ नये.
- इतर ज्येष्ठांना द्यायचीच असेल तर बोराएवढे तुकडे करून द्यावी. आधी घोटभर पाणी प्यायला सांगावं आणि शेजारी बसावं.
- खाताना बोलणं, हसणं, पैज लावून अख्खी तोंडात टाकणं टाळावं. व्हिडिओसाठी तर मुळीच नको.
- कोणाच्या घशात अडकलीच आणि खोकता येत असेल तर खोकू द्यावं. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात थापा माराव्यात. त्याने सुटलं नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे दाब द्यावेत. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा.

मधुमेह असलेल्यांसाठीही एक गोष्ट. चिकट तांदळाचा स्टार्च साध्या तांदळापेक्षा लवकर पचतो आणि रक्तातली साखर वेगाने वाढवतो. सारणात साखर कमी केली तरी पारी तीच राहते.

तर सुरुवात कुठून करावी?

घरात फक्त मोदकाची पिठी असेल तर सोंगप्यॉन. चिकट पिठाचं पाकीट मिळालं तर आधी क्लेपोन, कारण त्यात गोळे वळणं आणि उकळणं एवढंच आहे. हात बसला की डाइफुकू. आणि घरात ज्येष्ठ किंवा लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी सोंगप्यॉनच बरं. ते साध्या तांदळाचं असल्यामुळे मोदकासारखं तुटतं, मोचीसारखं ताणलं जात नाही. तेही त्यांना लहान तुकडे करूनच द्यावं.